मास्तरांची अट: रोज एक फळ

मुखेडला खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. ओसरीत खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर परात आणि परातीत चिरलेली पपई. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "पपई खाता का?"

"फारशी आवडत नाही," मी म्हणाले.

"का?"

"वास येतो."

ते आत वळून बायकोला म्हणाले, "आगं, ह्यांना खोली दाखवायची घाई करू नको. आदी बसू दे." मग परातीतली एक फोड उचलली, तिच्यावर लिंबू पिळलं, मीठ-तिखट भुरभुरलं आणि माझ्या हातावर ठेवली. मी भिडेखातर खाल्ली. ते माझ्या तोंडाकडं बघत होते.

"आता येतो का वास?"

"नाही."

"दाखव गं खोली."

मी मूळची रेणापूरची. लातूरला लॅबचा कोर्स केला आणि पहिली नोकरी लागली ती मुखेडच्या एका खासगी लॅबमध्ये. लोकांचं रक्त काढायचं, तपासायचं, रिपोर्ट हातात द्यायचा. त्या घराआधी मी दोन घरं बघितली होती. दोन्हीकडं माझं आडनाव ऐकल्यावर खोली 'कालच गेली' होती. त्यामुळे तिसऱ्या घरी पपईवर मुलाखत झाली याचं नवल वाटलं आणि बरंही वाटलं. आत बैठकीत बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो होता. फोटोखाली एक लांब लाकडी फळी, तिच्यावर ओळीनं मांडलेले चार पेरू, तीन चिकू आणि केळ्यांची फणी. मी फळीकडं बघतेय हे त्यांनी हेरलं.

"पूजेचं न्हाई ते, नाष्ट्याचं हाय," ते म्हणाले. "खोलीची अट एकच. रोज एक तरी फळ खायचं. आख्खं. ज्यूस मंजूर न्हाई. ज्यूस म्हंजे दुसऱ्यानं चावून दिलेलं."

हे गृहस्थ एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात. नोकरी संपली तरी मास्तर हे नाव तेवढं राहिलं. सगळा मुखेड त्यांना मास्तरच म्हणायचा आणि मीही तेच म्हणू लागले. त्यांच्या बायकोला काकू. मास्तर मला मात्र पहिल्या दिवसापासून मॅडम म्हणायचे. मी त्यांच्या मुलीपेक्षा लहान होते. ती लग्न होऊन धर्माबादला होती. पण रक्त तपासणाऱ्या बाईला एकेरी बोलायचं नाही, असा त्यांचा कायदा होता.

अट पाळली जाते की नाही हे बघायचा त्यांचा बंदोबस्त पक्का होता. अंगणात एक पत्र्याचा डबा ठेवलेला असायचा. फळांच्या साली, बिया सगळ्या त्यात टाकायच्या. ते खत पपईच्या झाडांना जायचं, हे झालं वरवरचं कारण. खरं कारण हे की मास्तर रोज संध्याकाळी डब्यात डोकवायचे. आम्ही तीन भाडेकरू होतो आणि कुणी काय खाल्लं हे त्यांना सालींवरून कळायचं.

पहिल्या महिन्यात मी त्यांना फसवायला गेले. लॅबमधून येताना चहाच्या टपरीवर बिस्किटं खायची आणि तिथंच पडलेली केळ्याची साल उचलून आणून डब्यात टाकायची. तीन दिवस खपलं. चौथ्या दिवशी मास्तर ती साल दोन बोटांत धरून माझ्या दारात उभे.

"म्याडम, ही साल काय म्हणून राहिली सांगू का? ही म्हणून राहिली, मी कालची हाय. आन् आजच्या आज एवढी काळी पडाया, मी काय उन्हात मजुरीला गेल्ती का?"

मी हसू दाबलं.

"बत्तीस साल बिनतिकिटवाले पकडले म्या," ते म्हणाले. "तोंडाकडं न्हाई बघायचं. हाताकडं बघायचं. हात खोटं बोलत न्हाई. तुमच्या हाताला केळाचा चीक न्हाई, बिस्किटाचा भुगा हाय."

त्या दिवसापासून मी मुकाट्यानं फळ खायला लागले.

फळांबद्दलची त्यांची सगळी मांडणी एसटीच्या भाषेत असायची. पिकलेलं केळं, आंबा, चिकू म्हणजे जलद गाडी. "आंगात साखर घेऊन सुसाट सुटते. कामाला जायचंय, रान नांगरायचंय, तर बसा तिच्यात." पेरू म्हणजे साधी गाडी. "हरेक थांब्यावर थांबत जाते. टाइम लागतो, पण चढलेला माणूस घरापर्यंत पोचतो. मधे धक्का न्हाई." पपई त्यांच्या लेखी डेपोतला झाडूवाला. "सकाळी गाडी सुटायच्या आदी आतून साफ झालीच पाहिजे." सीताफळाच्या दिवसांत बालाघाटच्या डोंगरातून टोपल्या उतरू लागल्या की मास्तर स्वतः तास तास बसून सीताफळं निवडायचे आणि बिया अंगणात किती लांब उडवता येतात यावर काकूंशी पैज लावायचे. पैज काकू जिंकायच्या.

माझ्या शिक्षणामुळं मला त्यांचं बोलणं आधी गमतीचं वाटायचं. पण हळूहळू कळलं की त्यातलं पुष्कळ बरोबर आहे. पेरूत जे चिवट तंतू असतात त्यांनी पोट साफ राहतं, साखर सावकाश रक्तात उतरते, हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं. मास्तरांनी ते साध्या गाडीच्या उपमेत बसवलं होतं, एवढाच फरक.

हे वेड त्यांना कसं लागलं, ते मला त्यांच्या मित्राकडून कळलं. हा मित्र म्हणजे निवृत्त ड्रायव्हर. मास्तर आणि ते कितीतरी वर्षं एकाच गाडीवर होते, एक पुढं, एक मागं. उंचापुरा, भरघोस मिशांचा, मोठ्यानं हसणारा माणूस. रोज सकाळी मास्तरांच्या ओसरीत येऊन बसायचे. त्यांना मी ड्रायव्हरकाका म्हणायचे.

"आवो, ह्या माणसाची तब्येत म्हंजे काय सांगू," ड्रायव्हरकाका एकदा मास्तरांच्या समोरच सांगू लागले. "स्टँड आलं की भजी. दुसरं स्टँड आलं की वडा. वर मिरची. चार-चार दिस पोट साफ न्हाई. सीटवर टेकता याचं न्हाई ह्याला. उभ्या उभ्या तिकिटं फाडायचा. पॅशिंजर म्हणायचे, काय मेहनती मास्तर हाय, बसतच न्हाई!"

मास्तर पपई चिरत शांतपणे ऐकत होते.

"एकदा अर्धापूरच्या पुढं गाडीचा पाटा तुटला. पॅशिंजर दुसऱ्या गाडीत बसवून दिले. आमी दोघंच गाडीपाशी. दुपार झाली, भूक लागली. हाटेल न्हाई, काई न्हाई. बाजूला केळीचा मळा, बांधाला पपई. मळेवाला भला माणूस. म्हणला, खावा काय खायचं ते. संध्याकाळपर्यंत आमी दुसरं काई खाल्लंच न्हाई. आन् दुसऱ्या दिशी सकाळी..."

"बास," मास्तर म्हणाले. "म्याडम हायेत."

"...सकाळी हा माणूस परसाकडून आला तो गाणं म्हणत! बत्तीस वर्षांत पहिल्यांदा गाडी टायमावर सुटली, म्हणला."

"बत्तीस न्हाई, तेव्हा अठरा झाली होती," एवढीच दुरुस्ती मास्तरांनी केली.

निवृत्त झाल्यावर मास्तर आठवड्याच्या बाजारातही फळांचा प्रचार करू लागले. पेरू विकणाऱ्या एका म्हाताऱ्या आज्जीच्या शेजारी फळांचं रिकामं क्रेट पालथं घालून त्याच्यावर उभे राहायचे आणि गाडीत आवाज देतात तशा सुरात सुरू व्हायचे. "चला, मागं सरका, पोटाचे पॅशिंजर पुढं या!" लोक हसायचे, थांबायचे, आणि आज्जीचे पेरू दुपारपर्यंत संपायचे.

जयंतीच्या मिरवणुकीत वाटायला काय आणायचं यावरून एका वर्षी त्यांचं गल्लीतल्या पोरांशी वाजलं. पोरांना जिलबी हवी होती. मास्तर म्हणाले, टरबूज आणि केळी. "मास्तर, आपण काय आजारी हावोत का?" एकानं विचारलं. एप्रिलचं ऊन, मुखेडची डांबर वितळणारी सडक. मिरवणूक अर्ध्यावर आली आणि जिलबीवाली टेबलं ओस पडली. टरबुजाच्या फोडींसमोर रांग लागली. त्यात सगळ्यात पुढं तोच प्रश्न विचारणारा पोरगा. मास्तरांनी त्याला फोड दिली आणि विचारलं, "तब्येत कशी हाय?"

आता माझ्या रक्ताची गोष्ट. तिच्यात मी चुकले होते आणि ती मी आजवर फार कुणाला सांगितलेली नाही.

लॅबमध्ये नवीन मशीन आलं, तेव्हा ते तपासून बघायला मी माझंच रक्त घातलं. हिमोग्लोबिन साडेसात. मशीन बिघडलंय असं वाटलं, पुन्हा लावलं. पुन्हा साडेसात. जिना चढताना धाप लागते, दुपारी डोळ्यांपुढं अंधारी येते, याला मी दमणूक समजत होते. रोज पन्नास लोकांचं रक्त तपासणारी मी, स्वतःचं कधी बघितलंच नव्हतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. म्हणाल्या, "चहाबरोबर घेऊ नका. लिंबू, आवळा, पेरू असं काहीतरी आंबट किंवा सी जीवनसत्त्व असलेलं खात जा, म्हणजे लोह अंगी लागेल."

घरी येऊन मी मास्तरांना सांगितलं की रक्त कमी आहे. गोळ्यांचं सांगायच्या आधीच ते उठले. "गोळ्याबिळ्याच्या नादी लागू नका," म्हणाले. "म्या भरून देतो तुमचं रक्त." दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सातला माझ्या दारात एक पेरू, कधी आवळा, डाळिंबाच्या दिवसांत अर्धं डाळिंब. पेरू ते स्वतः निवडायचे, दाबून नाही, वास घेऊन. मी गोळी घ्यायचे, वर तो पेरू खायचे आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं पर्समध्ये घालून लॅबच्या कचऱ्यात टाकायचे. अंगणातल्या डब्यात त्यांनी ती बघितली तर त्यांना वाईट वाटेल, असं माझ्या मनात.

तीन महिन्यांनी साडेअकरा झालं. मास्तर दारात उभेच होते.

"किती?"

"साडेअकरा."

"कशानं झालं?"

त्यांच्या चेहऱ्यावर लहान पोरासारखा आनंद होता. मी म्हणाले, "तुमच्या पेरूनं, मास्तर."

अर्धं खरं होतं. पेरूनं मदत केलीच होती. पण अर्धं खरं हे कधी कधी आख्ख्या खोट्यापेक्षा लांब जातं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. पुढच्या बाजारात मास्तर क्रेटवर उभे राहून सांगत होते, "आमच्या घरी लॅबवाल्या म्याडम हायेत. स्वतः रक्त तपासतात. त्यांचं रक्त पेरूनं भरलं, एक गोळी न घेता! मशीननं सांगितलंय, म्या न्हाई." मी भाजीची पिशवी घेऊन मागून निघून गेले. मान खाली घालून, पण गेले.

हे ऐकणाऱ्यांत ड्रायव्हरकाका होते. त्यांना साखरेचा आजार होता, जुना. गोळ्यांवर ठीक चालला होता.

उन्हाळा आला. आंबे आले. ड्रायव्हरकाका सकाळी ओसरीत बसून मास्तरांच्या बरोबरीनं आंबे खाऊ लागले. वर चिकू, वर केळी. मी लॅबला निघताना बघायचे. मिशांखालचे गाल आत गेले होते. "बघा म्याडम, वजन उतरून राहिलं," ते खुशीत म्हणायचे. "फळाचा गुण!" आणि काकूंकडं आणखी एक तांब्या पाणी मागायचे. एक तांब्या, मग दुसरा. मध्येच उठून परसात जायचे. साखर वाढलेल्या माणसाची सगळी लक्षणं माझ्या डोळ्यांसमोर ओसरीत बसली होती. माझ्या मनात एकदा आलं, विचारावं, गोळ्या चालू आहेत ना? पण लॅबला उशीर होत होता. मी विचारलं नाही.

मे महिन्यात एका दुपारी दवाखान्यातून रक्ताचा नमुना आला. चिठ्ठीवर ड्रायव्हरकाकांचं नाव. साखर पाचशेच्या वर. पुन्हा लावून बघितलं, तेच. रिपोर्ट स्वतः घेऊन दवाखान्यात धावले. काका खाटेवर पडलेले, डोळे मिटलेले, श्वास जोराचा, हाताला सलाइन. मास्तर बाहेरच्या बाकावर बसले होते. बाजूला काकांची बायको.

डॉक्टर बाहेर येऊन तिला म्हणाले, "गोळ्या चालू होत्या ना?"

"न्हाई ना सायेब," ती रडत म्हणाली. "दोन महिने झाले बंद केल्या. लॅबवाल्या म्याडमचं रक्त फळानं भरलं, गोळी लागली न्हाई, तर मला कशाला लागंल, म्हणले."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मास्तरांनी बघितलं नाही. ते फरशीकडं बघत होते.

वेळेवर आणलं होतं, म्हणून काका वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी शुद्धीवर येऊन त्यांनी चहा मागितला तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी घरी आले. मास्तर पपईच्या झाडांना पाणी घालत होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"मास्तर, माझं रक्त पेरूनं नाही भरलं. मी गोळ्या घेत होते. तीन महिने. एक दिवस चुकवला नाही."

त्यांनी पाइप खाली सोडला. पाणी आळ्याबाहेर वाहायला लागलं.

"मंग तवा का न्हाई बोलल्या?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मला वाईट वाटंल म्हणून," ते हळू म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "म्या बी कधी इचारलं न्हाई, म्याडम. गोळी चालू हाय का, हे मित्राला इचारायचं तर म्या इचारायचं होतं. तिकीट न तपासता डबल बेल मारून गाडी सोडली म्या."

आणि ते आत गेले. चार दिवस घरात फळाचा विषय निघाला नाही. फळीवरचे चिकू सुरकुतले. काकू माझ्या खोलीत येऊन म्हणाल्या, "बाई, पस्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस एवढा गप मी पाह्यला न्हाई. नवीन नोकरीत दरोडा पडला होता गाडीवर, तवाबी बोलत होता."

बाजाराचा दिवस आला. दुपारी मास्तर इस्त्रीचा सदरा घालून निघाले. मला काळजी वाटली, म्हणून मी मागोमाग गेले. आज्जीनं त्यांना बघून क्रेट पालथं घातलं. ते चढले. नेहमीची आरोळी ठोकली नाही.

"ऐका," ते म्हणाले. लोक थांबले. "म्या ह्या जागेवर उभा राहून तुमाला चुकीची गोष्ट सांगितली. म्हणलं, म्याडमचं रक्त नुसत्या फळानं भरलं. ते खरं न्हाई. त्या गोळ्या घेत होत्या. माझ्या बोलण्यानं माझा मित्र मरता मरता वाचला. ज्यांनी ज्यांनी माझं ऐकून गोळ्या सोडल्या, साखरेच्या, बीपीच्या, कशाच्या बी, त्यांनी आजच दवाखान्यात जावा. माझी चूक हाय."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मंग म्याडमनं का न्हाई सांगितलं? शिकलेल्या हायेत ना त्या?"

मास्तर म्हणाले, "त्यांनी सांगितलं होतं. पहिल्याच दिशी. म्याच ऐकलं न्हाई."

मी गर्दीत उभी होते. माझी नोकरी लोकांच्या विश्वासावर चालते, हे मास्तरांना कळत होतं. उद्यापासून कुणी माझा रिपोर्ट खरा मानला नसता. म्हणून आयुष्यभर बिनतिकिटवाल्यांना पकडणारा हा माणूस माझ्यासाठी भर बाजारात खोटं बोलला.

मला कळायच्या आत मी बोलून गेले, "खोटं आहे ते! मी सांगितलं नव्हतं. मी त्यांना म्हणाले, तुमच्या पेरूनं झालं. मीच म्हणाले."

"म्याडम, मधी बोलू नका," मास्तर क्रेटवरून चिडून म्हणाले.

"बोलणार. खोटं मी सांगितलं. निस्तरायचं पण मी."

"तुमी गप ऱ्हावा म्हणतो ना!"

"नाही राहणार!"

बाजारात आमचं भांडण लागलं. चूक आपली आहे, असं दोघंही ओरडून सांगत होतो. लोक आधी बावरले, मग कुणीतरी हसलं. ती पेरूवाली आज्जी इतका वेळ गप्प बसली होती. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिचा अख्खा धंदा डोळ्यांसमोर चालला होता.

"दोघं बी गप बसा!" ती म्हणाली. "मला येवढंच सांगा. मंग आता फळ खायचं का न्हाई खायचं?"

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. चार दिवसांनी त्यांचा तो जुना आवाज फुटला.

"खायचं! रोज खायचं, आख्खं खायचं! पोट साफ राहतं, आंगात ताकद राहते, भजी-वड्याची आठवण होत न्हाई. पण गोळी सोडून न्हाई. फळ हा पॅशिंजर हाय, गोळी बी पॅशिंजर हाय. एकाला बसवायचं म्हणून दुसऱ्याला उतरवायचं न्हाई! आन् ज्याला साखर हाय, त्यानं आदी म्याडमला इचारायचं, कोणतं आन् किती."

"डॉक्टरांना विचारायचं," मी खालून म्हणाले.

"डाक्टरला इचारायचं," मास्तरांनी दुरुस्ती केली.

माझा रिपोर्ट कुणी खोटा मानला नाही. उलट त्या आठवड्यात साखर तपासायला आलेल्यांची रांग लॅबच्या पायऱ्यांपर्यंत आली. त्यांतल्या चौघांनी खरंच गोळ्या सोडल्या होत्या. एक बाई तर माझ्या हातात हात देऊन म्हणाली, "तुमी सोताची चूक चारचौघांत सांगितली, आता माझं बी रक्त घ्या."

रांग ओसरल्यावर एका सकाळी मास्तर आले. उपाशीपोटी. सोबत ड्रायव्हरकाका, काठी टेकत, पण मिशा पुन्हा पिळलेल्या.

"ह्यांचं नेहमीचं," मी काकांकडं हात करून म्हणाले.

"आज माझं न्हाई," काका म्हणाले. "आज ह्याचं."

मास्तरांनी सदऱ्याची बाही वर केली. वयाच्या साठीपर्यंत त्यांनी एकदाही रक्त तपासलं नव्हतं. सुई बघितल्यावर त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि दुसऱ्या हातानं काकांचं मनगट पकडलं. "झालं का? झालं का?" करत होते, तेव्हा नळी भरून झाली होती.

मशीन चालू असताना ते माझ्या टेबलासमोर बसून राहिले. कागद बाहेर आला. मी वाचला. पुन्हा वरपासून वाचला.

"म्याडम," मास्तर म्हणाले, "जे हाय ते सांगा. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

"काठावर आहे, मास्तर," मी म्हणाले. "अजून आजार नाही. पण रोजचे दोन आंबे आणि वर चिकू आता जमणार नाही. डॉक्टरांना दाखवा. चालणं वाढवा."

त्यांनी कागद माझ्या हातून घेतला, तिकिटांच्या हिशोबाचा कागद बघावा तसा डोळ्यांजवळ धरून वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

"म्हंजे आंबा अर्धा."

"अर्धा."

ड्रायव्हरकाका घसा खाकरून पुढं झुकले. "आन् दुसरा अर्धा?" त्यांनी आशेनं विचारलं.

"दुसऱ्या अर्ध्यातली एक फोड तुमची," मी म्हणाले, "बाकीचा काकूंचा."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग मास्तर उठले, मित्राला हाताला धरून उठवलं, आणि दारापर्यंत गेल्यावर वळून मला म्हणाले, "बरं केलं सांगितलं." पायऱ्या उतरताना त्यांचा वाद ऐकू येत होता. ती एक फोड कोयीच्या बाजूची असावी की गालाच्या, यावर दोघं शेवटच्या पायरीपर्यंत भांडत गेले.